रॉकचा कार्यक्रम : उभे कोठे राहावे?



ध्वनीवरचा पाठ संपवून मी फळा पुसत होतो, तेवढ्यात अकरावीतला एक विद्यार्थी टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, अभ्यासाबाहेरचा प्रश्न आहे. विचारू का?"

"विचार की."

"पुढच्या महिन्यात मी रॉकच्या कार्यक्रमाला जाणार आहे. रंगमंचाला अगदी लागून असलेल्या जागेचे तिकीट मागच्या तिकिटाच्या तिप्पट आहे. पैसे साठवलेत मी. घेऊ का?"

मी त्याला म्हटले, "हा प्रश्न अभ्यासाबाहेरचा मुळीच नाही. आज फळ्यावर जे लिहिले, त्यातच याचे उत्तर आहे. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हालाही सांगणार आहे. तुम्हाला रॉक आवडत नसेल तरी हरकत नाही. गणेशोत्सवातील ध्वनिक्षेपक असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की भावगीतांची मैफल असो, ध्वनीचे नियम सगळीकडे सारखेच.

जागा चार प्रकारच्या

मुंबईचेच उदाहरण घेऊ. या शहरात रॉकचे कार्यक्रम ज्या जागी झाले, त्यांचे साधारण चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार मोकळ्या मैदानाचा. वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएच्या मैदानावर नोव्हेंबर २०१६ मध्ये 'कोल्डप्ले' हा ब्रिटिश वाद्यवृंद वाजवून गेला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जानेवारी २०२३ मध्ये 'लोलापालूझा' हा महोत्सव भारतात प्रथमच भरला. दुसरा प्रकार क्रीडांगणाचा, म्हणजे भोवती उंच प्रेक्षागार असलेल्या स्टेडियमचा. 'रोलिंग स्टोन्स'चा कार्यक्रम एप्रिल २००३ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर झाला, तर 'यू टू'चा डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिसरा प्रकार छत असलेल्या सभागृहाचा. १९८० साली 'द पोलीस' हा वाद्यवृंद मुंबईत आला, तो होमी भाभा सभागृहात वाजवून गेला. आणि चौथा प्रकार लहान क्लबांचा. लोअर परळला गिरणीच्या जुन्या आवारात २००७ ते २०१६ या काळात चाललेला 'ब्लू फ्रॉग' हा त्यांतला एक. या चारही जागी वाद्ये तीच असतात आणि गाणारे तेच असतात. आवाज मात्र चार तऱ्हांनी कानावर पडतो. असे का होते, ते आता पाहू.

आवाज मोजायचा कसा?

ध्वनी मोजण्याचे एकक डेसिबल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या एककाची एक खोड आहे. ती ध्यानात घेतली नाही तर हमखास फसगत होते. डेसिबलची बेरीज साधी नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते, २० वाढले की शंभरपट आणि ३० वाढले की हजारपट. ३ डेसिबलची वाढ दिसायला किरकोळ वाटते, पण तेवढ्याने तीव्रता दुप्पट होते.

दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. रॉकच्या कार्यक्रमात १०० डेसिबल सहज असतात. फरक ४० डेसिबलचा. म्हणजे तीव्रता दहा हजार पट! कानाला मात्र तो दहा हजार पट मोठा वाटत नाही. साधारणपणे १० डेसिबलच्या वाढीला आपला कान 'आवाज दुप्पट झाला' असे समजतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलचा आवाज आपल्याला बोलण्याच्या सोळापटच मोठा वाटेल. कानावर आदळणारी ऊर्जा दहा हजार पट आणि जाणीव सोळापट. कानाची ही सोय आहे खरी, पण धोकाही इथेच आहे. तो पुढे सांगतो.

एवढा आवाज लागतो तरी कशाला? त्याला इतिहास आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर 'बीटल्स'चा कार्यक्रम झाला. श्रोते ५५ हजारांहून अधिक. वाद्यवर्धक शंभर शंभर वॉटचे आणि गाण्यासाठी मुख्यतः सामन्याच्या घोषणा करणारे कर्णे. श्रोत्यांच्या किंचाळण्यात सगळे संगीत बुडून गेले आणि वादकांना स्वतःचेच वाजवणे नीट ऐकू येईना. मग वाद्यवृंदांनी ध्वनिवर्धनाची ताकद वाढवायला सुरुवात केली. ती इतकी वाढली, की ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन येथील फुटबॉलच्या मैदानावर 'द हू' या वाद्यवृंदाचा आवाज दूरवर उभ्या केलेल्या मापकावरही १२० डेसिबलच्या वर गेला. विक्रमांच्या प्रसिद्ध ग्रंथात त्याची नोंद झाली. पुढे या ग्रंथाने सर्वांत मोठ्या आवाजाचा विक्रम नोंदवणेच थांबवले, कारण त्या चढाओढीत माणसांचे कान जात होते. 'द हू'चे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या अधू झालेल्या श्रवणाबद्दल पुढे उघडपणे सांगितले आहे.

अंतराचा हिशेब

आता तिकिटाच्या प्रश्नाकडे वळू. लहानशा उगमापासून निघालेला ध्वनी मोकळ्या जागेत गोलाकार पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रफळावर विभागली जाते आणि तीव्रता एक चतुर्थांश होते. यालाच आपण व्यस्त वर्गाचा नियम म्हणतो. डेसिबलच्या भाषेत सांगायचे तर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी.

समजा, जमिनीवर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकापासून एक श्रोता ५ मीटरवर आहे आणि दुसरा ४० मीटरवर. पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस, म्हणजे अंतर तीन वेळा दुप्पट झाले. म्हणून १८ डेसिबलचा फरक पडला. मागच्याला नीट ऐकू जावे एवढा आवाज ठेवला, तर पुढच्याचे कान फुटायची वेळ येईल.

यावर तंत्रज्ञांनी काढलेला उपाय पायथागोरसच्या सिद्धांतावर उभा आहे. ध्वनिक्षेपक जमिनीवर न ठेवता श्रोत्यांच्या कानांपेक्षा साडेआठ मीटर उंच टांगायचे. आता पुढच्या श्रोत्याचे खरे अंतर किती? ५ आणि ८.५ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे जवळजवळ १० मीटर. मागच्याचे अंतर ४१ मीटर. म्हणजे ते ४० वरून जेमतेम एका मीटरने वाढले. अंतर आता दोनदाच दुप्पट होते आणि फरक १८ वरून १२ डेसिबलवर येतो. एक पैसा जास्त खर्च न करता ६ डेसिबलची विषमता गेली!

मोठ्या कार्यक्रमात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना केळ्याच्या घडासारखी वाकडी, लांबलचक माळ टांगलेली तुम्ही पाहिली असेल. ती हीच. एकाखाली एक असे अनेक ध्वनिक्षेपक जोडल्याने तो लहानसा उगम न राहता रेषेसारखा उगम होतो. त्याच्या जवळच्या टापूत ध्वनी गोलाकार न पसरता दंडगोलाकार पसरतो, आणि अंतर दुप्पट झाले तरी ३ डेसिबलच कमी होतात. माळेचे खालचे टोक आत वळवलेले असते, ते पुढच्या रांगांना हलक्या आवाजात ऐकू जावे म्हणून.

आधी दिसते, मग ऐकू येते

ध्वनीचा हवेतील वेग तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने चढले की सुमारे ०.६ मीटरने वाढतो. मुंबईच्या ३० अंशांना तो ३४९ मीटर होतो. हिशेबाला आपण ३५० धरू.

स्टेडियमच्या मागच्या बाजूला, रंगमंचापासून १०५ मीटरवर तुम्ही बसला आहात. ढोलावर काठी पडताना दिसते, पण तिचा आवाज १०५ भागिले ३५०, म्हणजे ०.३ सेकंदाने येतो. प्रकाशाला लागलेला वेळ नगण्य. पडद्यावरच्या गायकाचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत, ते यामुळे.

मागच्यांना नीट ऐकू यावे म्हणून मैदानाच्या मध्यावर आणखी ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारतात. पण वीज तारेतून जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावते. मनोरा रंगमंचापासून ७० मीटरवर असेल, तर त्याच्यातून शब्द लगेच बाहेर पडेल आणि रंगमंचावरचा तोच शब्द ०.२ सेकंदाने मागून येऊन पोहोचेल. एकाच शब्दाचे दोन शब्द होतील! म्हणून मनोऱ्याकडे जाणारा विद्युत्-संदेश मुद्दाम ०.२ सेकंद अडवून धरतात आणि वर आणखी थोडासा, सेकंदाच्या एकदोन शतांश भागाएवढा, उशीर करतात. का? जो ध्वनी आधी येतो, त्याच्या दिशेलाच उगम आहे असे आपला मेंदू मानतो. रंगमंचाचा ध्वनी आधी पोहोचला की मनोऱ्याचा आवाज मोठा असूनही गायक समोरच गातो आहे असे वाटते.

धडधड आणि छनछन

कार्यक्रम चालू असलेल्या स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावरून जा. गाणे कळत नाही, झांजा ऐकू येत नाहीत, नुसती धडधड ऐकू येते. मिरवणूक पुढच्या गल्लीत असतानाही आधी धडधडच पोहोचते. हे का?

वेग भागिले कंपनसंख्या म्हणजे तरंगलांबी. ५० हर्ट्झच्या खर्ज स्वराची तरंगलांबी ३५० भागिले ५०, म्हणजे ७ मीटर. ५००० हर्ट्झच्या तीक्ष्ण स्वराची फक्त ७ सेंटिमीटर. सात मीटरच्या तरंगाला माणसाचे डोके म्हणजे समुद्राच्या लाटेपुढचा खुंटच. तरंग त्याला वळसा घालून पुढे जातो. सात सेंटिमीटरच्या तरंगाला मात्र तेच डोके भिंतीसारखे आडवे येते. शिवाय दूर जाता जाता हवाही तीक्ष्ण स्वर अधिक शोषून घेते. उंच माणसाच्या मागे उभे राहिले की केवळ दिसायचे कमी होते असे नाही, ऐकू यायचेही कमी होते.

खर्ज स्वरांची आणखी एक गंमत आहे. त्यांचे ध्वनिक्षेपक रंगमंचाच्या डाव्या आणि उजव्या अंगाला असतील, तर मैदानाच्या बरोबर मध्यरेषेवर दोघांचे अंतर सारखे असते. शिखरावर शिखर पडते आणि धडधड जोरात येते. आता बाजूला सरका. जेथे दोन अंतरांतला फरक साडेतीन मीटर, म्हणजे तरंगलांबीच्या निम्मा होईल, तेथे ५० हर्ट्झचे शिखर आणि दरी एकमेकांना पुसून टाकतील. तोच स्वर तेथे क्षीण होईल. पुस्तकातले व्यतिकरण ते हेच! पुढच्या वेळी दोन पावले डावीउजवीकडे सरकून पाहा. फरक पोटात जाणवेल.

ती कर्कश शीळ

शाळेच्या समारंभात पाहुणे बोलायला उभे राहतात आणि ध्वनिक्षेपक 'कूंऽऽ' करून ओरडतो. ध्वनिग्राहकात शिरलेला आवाज वर्धित होऊन ध्वनिक्षेपकातून बाहेर पडतो, तोच पुन्हा ध्वनिग्राहकात शिरतो आणि हे चक्र चालू राहते. एका फेरीत आवाज जेवढा वाढतो, तो वाटेत घटण्यापेक्षा जास्त झाला की एखादा स्वर आपोआप वाढत जातो.

उपाय कोणते? ध्वनिग्राहक तोंडाजवळ धरावा, म्हणजे वर्धन कमी ठेवता येते. तो ध्वनिक्षेपकासमोर नेऊ नये. 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन वाद्यवृंदाने १९७४ साली रंगमंचामागे ध्वनिक्षेपकांची तीन मजली उंचीची भिंत उभी केली होती. म्हणजे प्रत्येक ध्वनिग्राहक थेट भिंतीच्या तोंडी! तरी शीळ येऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक गायकाला दोन ध्वनिग्राहक दिले आणि ते उलट जोडले. भिंतीचा आवाज दोघांत सारखाच शिरे आणि वजाबाकी होऊन नाहीसा होई. गायक मात्र एकाच ध्वनिग्राहकात गाई, त्यामुळे त्याचा आवाज शिल्लक राही. कल्पना किती साधी, पाहा. आणि ज्या शिळेला सगळे घाबरतात, तिलाच जिमी हेंड्रिक्सने आपल्या विजेच्या गिटारीवर वाद्यासारखे वापरले.

छताखाली

मैदानात गेलेला ध्वनी परत येत नाही. सभागृहात तो भिंतींवरून, छतावरून वारंवार परततो. मूळ आवाज थांबल्यावर हा निनाद ६० डेसिबलने खाली यायला जो वेळ लागतो, तो निनादकाल. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर नेत प्रयोग केले आणि एक सुटसुटीत सूत्र काढले. सभागृहाचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, म्हणजे निनादकाल.

६,००० घनमीटरचे एक सभागृह घेऊ. रिकामे असताना त्याचे शोषण ५०० चौरस मीटर धरू. निनादकाल येतो १.९३ सेकंद. आता आत हजार माणसे आली. प्रत्येक माणूस कपड्यांसह ०.४५ चौरस मीटरइतके शोषण करतो असे मानले, तर शोषण ९५० होते आणि निनादकाल १.०२ सेकंदांवर येतो. पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंदांचा निनाद शोभतो. त्याने व्हायोलिनचे सूर एकमेकांत मिसळतात. रॉकला तो घातक. ढोलाचा एक ठोका विरायच्या आत पुढचे चार येतात आणि सगळ्याचा चिखल होतो. म्हणून या संगीताला सुमारे एक सेकंदाचा, लहान जागेत त्याहूनही कमी, निनादकाल हवा. श्रोते हे सभागृहाचे पडदेच असतात, असे म्हणायला हरकत नाही. कार्यक्रमापूर्वी रिकाम्या सभागृहात केलेली आवाजाची जुळणी गर्दी झाल्यावर पुन्हा करावी लागते, ती याच कारणाने. खर्ज स्वर मात्र कपड्यांत फारसे शोषले जात नाहीत. पत्र्याच्या छताच्या जागी घुमतात ते तेच.

आता कानांविषयी

येथवर गंमत झाली. आता जे सांगणार आहे ते लक्ष देऊन वाचा.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणदार नळी आहे. तिच्यात प्रत्येक कानामागे सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. ध्वनीने नळीतला द्रव हलतो, पेशींवरचे सूक्ष्म रोम वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मोठा आवाज फार वेळ राहिला की हे रोम आधी थकतात, मग मोडतात. कार्यक्रमानंतर कान गच्च वाटतो, शीळ ऐकू येते, ती या थकव्याची खूण. बहुधा दोनएक दिवसांत ते सावरतात. पण मेलेली रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कातडी भरून येते, हाड सांधते. ही पेशी नाही.

किती आवाज किती वेळ चालेल? अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा अशी : ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास. नंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, कारण ऊर्जा दुप्पट. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटे. ही मर्यादा रोज काम करणाऱ्यांसाठी आहे, वर्षातून एकदा कार्यक्रमाला जाणाऱ्यासाठी नाही, हे खरे. पण धोक्याचा अंदाज बांधायला ती उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक जाहीर केले. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कानातले बोळे उपलब्ध असावेत आणि कानांना विसावा देणारी शांत जागा असावी, असे त्यात म्हटले आहे.

आता माझी गोष्ट. बारावीत असताना मी असाच एका मोकळ्या जागेतल्या कार्यक्रमाला गेलो होतो. ध्वनिक्षेपकांच्या ढिगाला पाठ लावून तीन तास उभा होतो. तेव्हा त्यात मोठे शौर्य वाटले होते. दोन दिवस डाव्या कानात शीळ होती. मग ती थांबली आणि मी विसरून गेलो. तसे आणखी काही कार्यक्रम ऐकले. चाळिशीत श्रवणतपासणी केली, तेव्हा डाव्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खळगा निघाला. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. आज वर्गात मागच्या बाकावरची मुलगी हळू आवाजात प्रश्न विचारते, तेव्हा तिचे 'स' आणि 'श' मला नीट लागत नाहीत. मी तिला 'पुन्हा सांग' म्हणतो. तिला वाटते, तिचाच प्रश्न चुकला. चूक तिची नसते.

शेजारीही ऐकत असतो

मुंबईच्या धोबी तलाव भागात रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह आहे. १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक' या महोत्सवाने आणि त्या काळच्या अनेक वाद्यवृंदांनी ते गाजवले. पण शेजारी महाविद्यालय आणि जवळच रुग्णालये. भारतात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवतालच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा ठरली. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. रंगभवनातले रॉकचे कार्यक्रम थांबले. त्याची हळहळ आजही अनेकांना वाटते, मलाही वाटते. पण गणित करून पाहू. २० मीटरवर ९७ डेसिबल आवाज आहे. तो ५० च्या खाली यायला ४८ डेसिबल घटायला हवेत, म्हणजे अंतर आठ वेळा दुप्पट व्हायला हवे. २० गुणिले २५६ म्हणजे ५,१२० मीटर. पाच किलोमीटर! इमारती आणि हवा मध्ये येतात म्हणून प्रत्यक्षात इतके अंतर लागत नाही, पण रस्त्यापलीकडच्या रुग्णाची सुटका नाही, हे स्पष्ट आहे. कार्यक्रम रात्री दहाला का संपवतात, असे म्हणून पुढे कोणी चिडले तर त्याला हे गणित दाखवा.

तर मग तिकीट कोणते?

समजा, कार्यक्रमात १० मीटरवर १०३ डेसिबल आहेत. मग २० मीटरवर ९७ आणि ४० मीटरवर ९१. वरच्या मर्यादेनुसार पहिल्या जागी साडेसात मिनिटे, दुसऱ्या जागी अर्धा तास आणि तिसऱ्या जागी दोन तास. कार्यक्रम बहुधा दोन तासांचा असतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी म्हटले, "पुढचे तिकीट घेऊ नकोस. मागचे घे आणि आवाजाची जुळणी करणारा तंत्रज्ञ मैदानात जेथे बसतो, तेथे त्याच्या जवळपास उभा राहा. तो स्वतःच्या कानांना जे चांगले वाटते तेच ठेवतो. म्हणून साऱ्या मैदानात उत्तम संगीत तेथेच मिळते. कोणत्याही ध्वनिक्षेपकाच्या, मनोऱ्याच्यासुद्धा, जवळ उभा राहू नकोस. वाचलेल्या पैशांतून कानातले चांगले बोळे घे. कापूस कोंबून विशेष उपयोग होत नाही. तासाभराने दहापंधरा मिनिटे लांब जाऊन कानांना विसावा दे. आणि दुसऱ्या दिवशीही शीळ थांबली नाही, तर लपवू नकोस, कानाच्या डॉक्टरांना दाखव."

तो गेला, ऐकून आला. सोमवारी मला म्हणाला, "सर, गिटारीचा एकेक सूर सुटा ऐकू आला. पुढे उभ्या असलेल्या मित्राला नुसता गोंगाट ऐकू आला म्हणे."

करून पाहा

१. शाळेच्या मैदानात मित्राला ७० मीटरवर थाळी वाजवायला सांगा आणि मोबाइलवर चित्रफीत घ्या. सेकंदाला ३० चित्रे असतील, तर थाळीवर काठी पडलेली दिसल्यावर किती चित्रांनी आवाज येतो ते मोजा. साधारण सहा यायला हवीत.

२. शाळेच्या रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवा. मुले बसल्यावर पुन्हा वाजवा. फरक कशामुळे, ते लिहा.

३. मिरवणूक लांबून जवळ येत असताना कोणते वाद्य आधी आणि कोणते नंतर ऐकू येते, त्याची क्रमवार नोंद करा.

४. १० मीटरवर १०६ डेसिबल आवाज असेल, तर किती अंतरावर तो ९४ होईल? तेथे किती वेळ थांबणे ठीक?

मोबाइलवरचे आवाजमापक अंदाजापुरतेच धरा. फार मोठ्या आवाजात त्यांचा ध्वनिग्राहक चुकतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर : ४० मीटर आणि एक तास.